दिवेलागणीची दोन स्तोत्रं

प्राचीन ख्रिस्ती स्तोत्रांची ओढ अजून टिकून का आहे, असं विचारलं की पहिलं उत्तर हमखास येतं, ती जुनी आहेत म्हणून. आम्हाला हे पटत नाही. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथे तिसऱ्या शतकाच्या अखेरीचा एक पपायरस सापडला, तो १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला धान्याचा हिशेब, मागच्या बाजूला स्तोत्र, वर ग्रीक स्वरलिपीसुद्धा! चालीसकट हाती आलेलं इतकं जुनं ख्रिस्ती स्तोत्र दुसरं नाही. पण ते कुठल्याच उपासनेत उरलेलं नव्हतं.

याउलट 'फोस हिलारोन' बघा. दिवे लावताना म्हणायचं हे ग्रीक स्तोत्र. चौथ्या शतकात संत बासिल लिहितात, की लोक हे शब्द पूर्वापार म्हणत आलेत, रचणारा कोण ते सांगता येत नाही. मूळ चालही हाती नाही. तरी ऑर्थोडॉक्स चर्चच्या सायंप्रार्थनेत ते आजही आहे. रखमानिनॉव्ह यांनी १९१५ मध्ये आपल्या रचनेत त्याला कीएव्हची परंपरागत चाल घेतली. ते टिकलं, कारण त्याला वेळ नेमून दिलेली आहे. सूर्य मावळला, दिवा लागला, की शब्द ओठांवर यायचे. आणि तेही 'आम्ही' म्हणून, एकट्याचे नव्हेत.

दुसरं स्तोत्रही संध्याकाळचंच, मिलानचे बिशप अँब्रोज यांचं. ३८६ मध्ये राजमाता युस्तिना त्यांच्या विरोधात उभ्या असताना लोक चर्चमध्ये रात्री जागत होते. ते खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या रीतीने गायन सुरू झालं, असं संत ऑगस्टीन सांगतात. चार ओळींचं कडवं, ओळीत आठ अक्षरं. (अष्टाक्षरी पाठ व्हायला किती सोपी, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.) कल्पनेची भरारी म्हणाल तर बेताचीच. देवाने दिवसाला उजेड नेसवला, रात्रीला झोप दिली, आता थकलेलं अंग विसावेल, दुःखाची गाठ सैल होईल, एवढंच म्हणणं.

ऑगस्टीन गाण्याला भीतही होते. अर्थापेक्षा गळाच जास्त भिडला तर तो आपला दोष, असं ते मानत. ही भीती आम्हाला खोटी वाटत नाही. आज पुष्कळ जण ही स्तोत्रं नुसत्या स्वरांच्या शांततेसाठीच ऐकतात. पण त्यांचाच अनुभव वेगळं सांगतो. ३८७ मध्ये ओस्तिया इथे त्यांची आई मोनिका वारली. दफन झालं तरी डोळ्यांत पाणी नाही. ते अडवूनच धरलेलं. स्नान करून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग झोपले. जाग आली तेव्हा मन जरा हलकं होतं, आणि अंथरुणात एकटे असताना अँब्रोज यांचं हेच स्तोत्र आठवलं. तिथे ना गाणारे होते, ना चर्च. तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. तासाच्या थोड्याशा भागापुरतं आपण आईसाठी रडलो, त्याला कुणी हसू नये, असंही त्यांनी लिहून ठेवलंय.