बोदोनीची बारीक रेघ

रोमन लिपीतील देखण्या मुद्राक्षरांत 'बोदोनी'चे नाव हमखास घेतले जाते. जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०-१८१३) हा इटलीतील पार्मा येथील राजमुद्रणालयाचा प्रमुख. त्याच्या अक्षरातली उभी रेघ जाड, काळीभोर. आडवी रेघ मात्र केसासारखी. अक्षराच्या टोकाची छोटी पट्टी, म्हणजे सेरिफ, तीही तितकीच बारीक. टोकदार लवचिक निब दाबून खाली ओढली की रेघ फुगते, तसे हे वळण. (आपल्या बोरूत जाड-बारीक भेद येतो तो कापाच्या कोनामुळे, दाबामुळे नव्हे.)

मोठ्या शीर्षकात हे अक्षर आम्हालाही फार आवडते. आमची तक्रार आहे ती त्याच्या वापराबद्दल.

बोदोनीने निरनिराळ्या आकारांसाठी निरनिराळे खिळे कोरले. लहान अक्षरात बारीक रेघ प्रमाणाने थोडी जाड ठेवावी लागते, हे तो जाणून होता. त्याच्या पत्नीने १८१८ साली प्रसिद्ध केलेला त्याचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ याची साक्ष देतो. पुढे फोटोटंक आणि संगणक आले आणि एकच आकृती हवी तशी लहानमोठी करण्याची सोय झाली. इथेच गणित बिघडते. समजा, ७२ पॉइंटच्या अक्षरात बारीक रेघ पाव मिलिमीटर आहे. तेच अक्षर ९ पॉइंटचे केले की रेघ उरते ०.०३ मिलिमीटर! इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या लेझर प्रिंटरचा एक ठिपकाच सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो. शिवाय ३० सेंटिमीटरवरून डोळ्याची भेदनक्षमता साधारण ०.०९ मिलिमीटर. त्याहून बारीक काळी रेघ दिसते खरी, पण फिकट, करडी.

मग काय होते? 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द लहान रोमन अक्षरांत लिहून पाहा. सात अक्षरांत उभ्या रेघा पंधरा. त्यांना जोडणाऱ्या बारीक कमानी पुसट झाल्या की राहते ते नुसते कुंपण. कृतिपत्रिकेत असा शब्द आला आणि नुकतेच इंग्रजी वाचू लागलेले मूल अडखळले, तर 'वाचन कच्चे' असा शेरा पडतो मुलाच्या नावावर.

१९९४ साली आलेल्या 'आयटीसी बोदोनी'ने ही चूक सुधारली. त्यात ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी तीन स्वतंत्र आकृत्या आहेत. ६ पॉइंटची आकृती मोठी करून पाहिली तर ती जाडीभरडी, काहीशी ओबडधोबड वाटते. आपल्या आकारात ती सहज वाचता येते. आमच्या मते या संचातले सर्वांत मोलाचे काम हेच. मात्र संगणकावर बोदोनी नावाची एकच आकृती असेल, तर ती शीर्षकापुरती ठेवावी आणि मजकुरासाठी कमी भेदाचे साधे अक्षर घ्यावे. शंका असल्यास छापील पानाची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा आणि कमानी शिल्लक आहेत का ते बघा. वर्गात मुलांच्या हाती बहुधा तीच प्रत पडते.