मक्याच्या पोह्यांचा बर्फ

बर्फाशी आमच्या घराण्याचा संबंध उसाच्या रसापुरता. रत्नागिरीकडच्या माणसाने डिसेंबरात कानटोपी घालणं हीच मुळी चैन. असं असूनही पडद्यावर बिंग क्रॉस्बी नावाचा गृहस्थ बर्फाची आठवण काढून गाऊ लागला की माझा गळा भरून येतो. का, याचा छडा लावण्यासाठी हा प्रपंच.

डिसेंबरात आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला असतो. तिथे या दिवसांत १९५४ सालचा 'व्हाइट ख्रिसमस' घरोघर लागतो, आपल्याकडे श्रावणात सत्यनारायण असतो तसा. कथा सगळ्यांना पाठ, पण प्रसादाशिवाय कुणी उठत नाही.

कथा म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल आणि वर 'घरातील सर्वांस नमस्कार' लिहायला जागा उरेल. दोन गाणारे-नाचणारे मित्र, दोन गाणाऱ्या-नाचणाऱ्या बहिणी. चौघं व्हर्माँटला जातात, तर तिथे बर्फाचा पत्ता नाही. हॉटेलचा मालक निघतो मित्रांचा लढाईतला जनरल. बर्फ नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. मग एक गैरसमज होतो. तो एका वाक्यात मिटला असता, पण ते वाक्य कुणी बोलत नाही. बोललं तर दोन गाणी कमी होतील ना! संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, 'कॅसाब्लांका'वाला. इथे मात्र तो व्हिस्टाव्हिजनचा नवाकोरा रुंद पडदा रंगांनी भरण्यापलीकडे फारसे कष्ट घेत नाही. व्हेरा-एलन नाचते अप्रतिम, पण गाण्याला गळा दुसरीचा. रोझमेरी क्लूनी गाते अप्रतिम, पण पाऊल जपून टाकते. दोघी मिळून एक नटी पूर्ण होते.

पण तो जनरल! डीन जॅगरने तो असा उभा केलाय की बाकीचा सगळा गोडवा पचून जातो. हॉटेल चालेना म्हणून तो 'मला पुन्हा सैन्यात घ्या' असा अर्ज करतो. उत्तर येतं, ते क्रॉस्बी वाचतो. पत्र थट्टामस्करीचं, आणि थट्टेच्या आड नकार. निवृत्त माणसाने हा प्रसंग एकट्याने बघू नये. मीही निवृत्तीनंतर महिन्याभराने 'सहज इकडे आलो होतो' म्हणत कचेरीत डोकावलो होतो. माझ्या खुर्चीवरच्या मुलाने 'या काका, बसा ना' म्हणून समोरची खुर्ची दाखवली. अठ्ठावीस वर्षं मी त्या खुर्चीवर लोकांना बसवत होतो. ती डुगडुगते हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी जुने सैनिक गुपचूप गोळा होतात. जनरल गणवेश घालून आत येतो, सगळे ताठ उभे. इथे मी चष्मा पुसायला घेतो.

आता यातलं खरं किती? व्हर्माँट उभं राहिलं ते कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत. बर्फाची तर कथाच वेगळी. हॉलिवुडात एके काळी बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले मक्याचे पोहे उधळायचे. नट चालले की पायाखाली असे कुरकुरायचे की संवाद ऐकू येईनात! (आमच्याकडे ही कुरकुर प्रेक्षकांतून येते.)

आणि गाणं? ते मुळात १९४२ च्या 'हॉलिडे इन'चं. आला तो सिनेमा ऐन ऑगस्टात. फक्त सणांना उघडणाऱ्या हॉटेलची गोष्ट. त्यात फ्रेड अस्टेअर पायाशी फटाके फोडत नाचतो, ते कितीदाही बघावं. लिंकनच्या जयंतीला तोंडाला काळं फासून केलेलं गाणं मात्र आज बघवत नाही. टीव्हीवाले पुष्कळदा ते कापतात, तेही बरंच.

गाणं लिहिणारा आयर्व्हिंग बर्लिन, रशियात १८८८ साली जन्मलेला ज्यू. याला नोटेशन वाचता येत नव्हतं, पियानोवर बोटं बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच. नाताळ त्याच्या घरच्या धर्मातला नव्हे. उलट १९२८ साली पंचवीस डिसेंबरलाच त्याचं तान्हं मूल गेलं होतं. गाण्यात सणाचा गलका नाही, नुसतं पूर्वीसारखं व्हावं असं मागणं आहे, ते उगीच नसावं. सण त्याचा नाही, बर्फ कॅलिफोर्नियाचा नाही, गळा व्हेरा-एलनचा नाही; पाणी तेवढं माझ्या डोळ्यांत खरं.

परवा शेवट आला. रंगमंचामागची दारं उघडली आणि बर्फ पडू लागला. मुलीच्या खिडकीबाहेर आपली रिमझिम चालू होती, थेट चिपळूणसारखी.

"अहो, रडताय की काय?" हिने विचारलं.

"छे, चिवड्यात मिरची जास्त झालीय."

चिवडा मक्याच्या पोह्यांचा होता. नातवाने माझ्याकडे पाहिलं, रिमोट उचलला आणि म्हणाला, "आजोबा, जनरल येतो तिथपासून परत लावू?"