बटण आणि कान

'डीजे' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आणि छातीतली धडधड आठवते. पण डीजे म्हणजे ती भिंत नव्हे, तिच्यामागे उभा असलेला माणूस. त्या माणसाला आता काही काम उरले आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात दुबई मरीनातल्या एका टेरेसवर मराठी गाण्यांची संध्याकाळ होती. खाली दिव्यांनी सजलेल्या बोटी, वर आपली मंडळी आणि टेबलामागे पंचविशीचा एक मुलगा. पहिला तासभर त्याची एकही चूक झाली नाही. एक गाणे संपून दुसरे कधी सुरू झाले तेही कळत नव्हते. तरी पन्नासेक जणांत नाचत होते जेमतेम आठ-दहा. शेजारचे काका म्हणाले, "हा आपल्याकडे बघतच नाही. बँकेच्या काउंटरवर बसल्यासारखा स्क्रीनकडे बघतोय!"

शेरा खोचक होता, पण खरा होता. दोन गाणी बेमालूम जोडायची तर ठोके जुळावे लागतात. एकात मिनिटाला १२४ ठोके आणि दुसऱ्यात १२६ असतील, तर दुसऱ्याचा वेग सुमारे १.६ टक्के उतरवायचा आणि ठोक्यावर ठोका बसवायचा. पूर्वी हे सगळे कानाने चाले. टेक्निक्स कंपनीने १९७२ साली एसएल-१२०० हे टर्नटेबल आणले. त्यात पट्ट्याऐवजी थेट मोटर असल्याने वेग स्थिर राहत असे. १९७९ च्या सुधारित मॉडेलमध्ये वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली. एका कानाला हेडफोन, दुसरा कान हॉलकडे आणि बोटे रेकॉर्डवर, अशी ती कसरत असे. २००१ मध्ये पायोनियरच्या सीडीजे-१००० ने सीडीवरही तसाच हात फिरवायची सोय केली. आता संगणक ठोके आधीच मोजून ठेवतो. 'सिंक' बटण दाबले की काम झाले.

त्या संध्याकाळी कोणीतरी 'पिंजरा'मधल्या लावणीची फर्माईश केली. राम कदमांचे संगीत असलेला हा चित्रपटही १९७२ चाच. त्यातली ढोलकी माणसाने वाजवलेली, रंगात आली की लय थोडी सरकणारच. समान अंतराने आखलेल्या यंत्राच्या रेघांत ती मावत नाही. मुलाने सवयीने बटण दाबले आणि दोन मिरवणुका एकाच चौकात यावात तसा गोंधळ झाला. नाचणारे थबकले.

मुलगा दचकला, पण डगमगला नाही. त्याने सिंक बंद केले, हेडफोन एका कानावर घेतला आणि लावणी पुन्हा सुरू केली. या वेळी खालचा ठोका तो बोटाने कधी किंचित पुढे ढकलत होता, कधी मागे धरत होता. ढोलकीच्या मागोमाग तो ठोका चालू लागला. मग प्रथमच त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि टेरेस भरून गेली.

म्हणून बटणाला शिव्या देणे मला पटत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला म्हणून गायकाचे गाणे कोणी खोटे ठरवत नाही. बटणाने डीजेचे हात आणि डोळे मोकळे केले, ही चांगलीच गोष्ट. माझी तक्रार वेगळी आहे. मोकळा झालेला वेळ समोरच्या माणसांना मिळायला हवा होता, तो पहिल्या तासात स्क्रीनला मिळाला. पुढचे गाणे कोणते लावायचे, ते माणसांकडे पाहूनच कळते. तिथे कौशल्य संपत नाही, उलट सुरू होते.

दुसरी गोष्ट कानाची. तानपुरा जुळवता जुळवता कान तयार होतो. ठोके जुळवण्याचेही तसेच. आमच्या आयटीतही सगळे आपोआप चालते तोवर नवशिका आणि जाणता सारखेच दिसतात. यंत्र अडले की फरक कळतो. त्या मुलाने कधीतरी बटणाशिवाय तास घातले होते, म्हणून तो तरला.

आपली मुले हे शिकत असतील तर जरूर शिकू द्या. फक्त सुरुवातीचे काही महिने सिंकला हात लावू देऊ नका. पुढे खुशाल वापरू दे.

काकांचे अंतिम मत मात्र घ्यायचे राहिले. ते तोवर नाचायला गेले होते.