विदूषक, बोली आणि एकपात्री प्रयोग

विनोदी नट मंडळीतून बाहेर पडून एकटाच लोकांसमोर उभा राहिला, तर त्याच्या विनोदाचे काय होते? इंग्रजी रंगभूमीवर याचे ठळक उदाहरण म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतील विदूषक आणि नर्तक विल केंप. मंडळी सोडल्यावर १६०० मध्ये तो लंडनहून नॉर्विचपर्यंत, शंभराहून अधिक मैल, मॉरिस नृत्य करीत गेला. नाचाचे दिवस नऊ. ‘मॉरिस’ हा शब्द ‘मूरिश’वरून, म्हणजे मूर मुसलमानांच्या नावावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. केंप एकटा नाचला खरा; पण सोबत ताल धरणारा वादक होता आणि वाटेवर बघ्यांची गर्दी होती.

मराठीत या संदर्भात प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाचा विचार करावा लागतो. देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. या प्रयोगात ते एकटे ५२ पात्रे उभी करीत. केंप राजधानीतून निघाला. हे वऱ्हाड उलट मराठवाड्यातील खेड्यातून विमानाने राजधानीकडे जाते.

यात खेडुतांची टिंगल होते, असा आक्षेप घेता येईल. विमानातील गोंधळ पाहून हसणारा शहरी प्रेक्षक स्वतःला शहाणा समजतो, एवढ्यापुरता तो खराही आहे. परंतु येथे अडाणी आणि शिकलेला, बोली बोलणारा आणि प्रमाण भाषा बोलणारा, सारे एकाच देहातून बोलतात. नट कोणाही एकाच्या बाजूला कायमचा उभा राहत नाही. म्हणून विनोदात उच्चनीच फार काळ टिकत नाही. हेच या प्रयोगाचे खरे बळ होय.

मर्यादाही येथेच आहे. छापील संहितेत हेल, थांबा व श्वास उरत नाहीत. विद्यार्थ्याला केवळ पुस्तक वाचायला दिले, तर बोली त्याला ‘अशुद्ध’ मराठीच वाटेल.

बेळगाव-निपाणी भागातील आपले विद्यार्थी घरी दखनी, बाजारात कन्नड आणि मराठी बोलतात. वर्गात मात्र कोणी हसेल म्हणून गप्प बसतात. त्यांच्याकडून असा एखादा उतारा मोठ्याने, आपापल्या हेलात वाचून घ्यावा. आपण ज्याला दोष म्हणतो, त्यावरच ५२ माणसे उभी राहिली, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.