वेढ्याच्या आधीची पाने

लखनौ सोडून सीतापूरच्या रस्त्याला लागले की बख्शी का तालाब येतो. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले आणि बेगम हजरत महल शहर सोडून याच उत्तर दिशेला सरकल्या. राजधानी गेली, तरी राज्य कसे चालावे हा वाद त्यांनी सोडला नाही. १ नोव्हेंबर १८५८ च्या व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याला त्यांनी स्वतःच्या जाहीरनाम्याने उत्तर दिले. पूर्वीचे तह मोडणाऱ्यांच्या नव्या वचनावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्यातला एक मुद्दा. रस्ते बांधणे आणि कालवे खणणे यापलीकडे रयतेला कोणता रोजगार मिळणार, हा दुसरा.

मराठी मनातली सत्तावनची स्त्री मात्र घोड्यावर आहे, हातात तलवार आणि पाठीशी मूल. ‘माझा प्रवास’ आपण वाचतो तोही बहुधा झाशीच्या वेढ्यासाठी. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. त्यांच्या पुस्तकातली माझ्या मते मोलाची पाने वेढ्याच्या आधीची आहेत. जून १८५७ च्या रक्तपातानंतर लक्ष्मीबाईंनी सुमारे दहा महिने झाशी सांभाळली. त्या कचेरीत बसतात, हुकूम लिहितात, थंडीत गोरगरिबांना कपडे वाटतात, चोरांच्या बंदोबस्तासाठी स्वतः बरवासागरला जातात. विस्कटलेल्या मुलखात राज्य पुन्हा उभे राहते ते अशाच कामांतून.

गोडसे हे सारे पाहतात, पण त्याचे नाव चुकवतात. भिक्षुकाच्या नजरेला कपड्यांचे वाटप म्हणजे दानधर्म. लोकांचा सरकारवरचा विश्वास पुन्हा बसवण्याची ती रीत आहे, हे त्यांना सुचत नाही. तरीही तपशील गाळत नाहीत, हे त्यांचे थोर ऋण. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक संस्कार करून छापले; मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिली. इतिहासाच्या वाचकाने दुसरी हाताशी ठेवावी.

शौर्याची गाणी झाली, कारभाराची झाली नाहीत. त्यामुळे लढाई संपली की बाईचे कामही संपले, असा आपला समज झाला. बेगमांचा जाहीरनामा आणि गोडशांची ही पाने शेजारी ठेवून वाचली, तर तो टिकत नाही.