होकुसाईचे मजूर आणि सुनीत थेर

होकुसाई या जपानी चित्रकाराच्या, इ. स. १८३० च्या सुमारास लाकडी ठशांनी छापलेल्या फुजी-चित्रमालेत तोतोमी प्रांताचे एक चित्र आहे. प्रचंड तुळई चिरणारे मजूर पुढे. पवित्र पर्वत मात्र तिच्या टेकूंमधून लहानसा दिसतो. नेरच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. श्रमाला असे अग्रस्थान देणारी दृष्टी थोरच होय. तथापि ठसे कोरणाऱ्या व छापणाऱ्या कारागिरांची नावे अशा चित्रांवर सहसा आढळत नाहीत. आणि चितारलेला मजूर तर मुकाच. ‘थेरगाथे’त मात्र सुकलेली फुले काढून टाकणारा सुनीत आपले हीन लेखलेले काम स्वमुखाने सांगतो.