उणिवेसकट छापलेली रीत

हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ साली जर्मनमध्ये लिहिलेला छोटा निबंध आज जीवाणूंच्या वर्गीकरणाचा पाया मानला जातो. गंमत अशी, की त्यात वर्गीकरणाचा विचारच नाही. बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करताना ग्रॅमसमोर न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांचे काप असत. रंग घातला, की जीवाणूंबरोबर पेशींची केंद्रकंही रंगत आणि त्या गर्दीत जीवाणू हरवत. केंद्रकांचा रंग उतरावा, जीवाणूंचा राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

या रीतीचं सौंदर्य तिच्या क्रमात आहे. आधी जेन्शियन व्हायोलेट. हा जांभळा सगळ्यांवर सरसकट चढतो. मग आयोडीन; कापड रंगवताना तुरटी रंग बांधते, तसं काहीसं त्याचं काम. इथवर निवड झालेलीच नाही. ती होते अल्कोहोलने धुताना. कमी धुतलं तर सगळंच जांभळं, जास्त धुतलं तर टिकणारा रंगही गेला. प्रयोगशाळेत टेक्निशियनचा हात आजही याच काही सेकंदांत कळतो. फिक्या पडलेल्यांना गुलाबी करणारं सॅफ्रॅनिन नंतर इतरांनी जोडलं.

माझी आवडती जागा मात्र पुढे आहे. टायफॉइडचे जीवाणू रंग धरत नाहीत, हे ग्रॅमनी लपवलं नाही. त्यांच्या हेतूने पाहिलं तर हे अपयशच. रीत सदोष आहे हे मान्य करून, इतरांच्या हाती ती उपयोगी ठरेल अशी आशा त्यांनी व्यक्त केली. संशोधनात इतका निगर्वी सूर क्वचित लागतो. पुढच्यांनी त्या अपयशालाच कसोटी केलं: रंग राखणारे ग्रॅम-पॉझिटिव्ह, सोडणारे ग्रॅम-निगेटिव्ह.

कारण खूप उशिरा उमगलं. पहिल्यांची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते. अल्कोहोलने ती आक्रसते आणि रंग-आयोडीनची जोडी आत अडकते. दुसऱ्यांची भिंत पातळ, वर मेदयुक्त आवरण. अल्कोहोल ते विरघळवतं आणि रंग वाहून जातो. म्हणजे ग्रॅम नकळत जीवाणूंची भिंतच तपासत होते.

मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याची काच पाहा. पू-पेशींजवळ भाल्याच्या टोकासारखे जांभळे जोडगोळे दिसले तर संशय न्यूमोकॉकसचा; घेवड्याच्या दाण्यांसारखे गुलाबी जोडगोळे पेशींच्या आतच दिसले तर मेनिंगोकॉकसचा. कल्चर वाढायला रात्र जाते. हे वाचन अर्ध्या तासात होतं. नमुन्यात जीवाणू मोजके असले तर मात्र काच काहीच बोलत नाही.

प्रजाती ओळखायला हा रंग पुरत नाही. टायफॉइडचा जीवाणू आणि आतड्यात एरवी निमूट राहणारा ई. कोलाय, दोघेही गुलाबी काड्याच. तिथे मॅकॉन्की आगरची प्लेट लागते. ई. कोलाय तिच्यातलं लॅक्टोज आंबवतो, म्हणून त्याच्या वसाहती गुलाबी उठतात. टायफॉइडच्या बिनरंगी राहतात. आणि या प्लेटवर ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू सहसा वाढत नाहीत, कारण तिच्यात पित्तक्षारांसोबत क्रिस्टल व्हायोलेट घातलेलं असतं. जेन्शियन व्हायोलेटमधला मुख्य रंग तोच.